बटणाचे प्रकार आणि क्रियापदाचे अर्थ : मराठी डेस्कटॉप आज्ञावलींतील बटणरचनेची चिकित्सा

गोषवारा

डेस्कटॉप आज्ञावलीच्या पडद्यावरील बटण हे एकीकडे संगणकीय घटक असते आणि दुसरीकडे भाषेतील एक छोटे वाक्य असते. या दोन्ही अंगांचा विचार आजवर बहुधा स्वतंत्रपणे झाला. बटणाचा प्रकार प्रोग्रॅमरने ठरवावा आणि त्यावरील मजकूर नंतर अनुवादकाने मराठीत आणावा, अशी कामाची विभागणी रूढ झाली. या विभागणीमुळे मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला आलेल्या त्रुटींची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे. भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव येथील कोसा विणकामाच्या व्यवहाराचे एक कल्पित नोंदपत्र येथे निकष म्हणून घेतले आहे. बटणाच्या प्रत्येक प्रकाराला मराठी क्रियापदाचा विशिष्ट अर्थ अनुरूप असतो, म्हणून मराठीचा विचार रचनेच्या आरंभीच व्हावयास हवा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पुश बटण, चेकबॉक्स, रेडिओ बटण, आज्ञार्थ, विध्यर्थ, स्थानिकीकरण, कोसा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने माउस, खिडकी आणि बटण या गोष्टी तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचल्या. याच काळात मुक्त प्रणालींतील ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपचे मराठी अनुवाद स्वयंसेवकांच्या परिश्रमातून साकार झाले. विंडोजलाही मराठीचा पेहराव मिळाला. अनुवादांत एकवाक्यता यावी म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाण याद्या हाती घेतल्या व त्यांत मराठीचाही समावेश झाला. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि या सर्व प्रयत्नांचा भर ‘कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द’ या प्रश्नावर राहिला. ते बटण मुळात कोणत्या प्रकारचे आहे, ते काय विचारते आणि कोणत्या उत्तराला वाव देते, हे प्रश्न बाजूला पडले.

हे प्रश्न तपासण्यासाठी प्रत्यक्ष व्यवहाराचा निकष हवा. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या वस्त्रांचे हातमागावरील विणकाम करणारे गाव म्हणून परिचित आहे. ऐनासारख्या वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांपासून सूत, सुतापासून वस्त्र आणि वस्त्रापासून विक्री अशी या व्यवसायाची साखळी आहे. अशा गावातील एखाद्या खरेदीदाराने वस्त्रखरेदीच्या नोंदीसाठी मराठी आज्ञावली करवून घेतली, तर तिच्या नोंदपत्रावर कोणती बटणे असावीत? पुढील विवेचन या कल्पित नोंदपत्राच्या आधारे केले आहे.

२. बटणाचा प्रकार हे एक विधान

डेस्कटॉपवरील बटणांचे तीन मुख्य प्रकार आहेत. पुश बटण दाबले की एक कृती घडते आणि बटण पूर्ववत होते. दाराच्या घंटेचे बटण हे त्याचे सरळ उदाहरण. चेकबॉक्सला दोन अवस्था असतात आणि प्रत्येक चेकबॉक्स शेजाऱ्यापासून स्वतंत्र असतो. भिंतीवरील दिव्याच्या खटक्याशी त्याचे साम्य आहे. रेडिओ बटणे मात्र गटाने राहतात. एक निवडले की आधीचे सुटते. मोटारीतील जुन्या रेडिओवर केंद्र निवडण्याच्या यांत्रिक कळा अशा असत, त्यावरून हे नाव पडले. मराठी घरात मोटारीतील रेडिओपेक्षा टेबलफॅन अधिक परिचित आहे. त्याच्या पायाशी असलेल्या वेगाच्या कळांपैकी एक दाबताच दुसरी खटकन वर येते. रेडिओ बटणाचे तत्त्व नेमके हेच आहे.

वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब वाटते. परंतु प्रकाराची निवड म्हणजे जगाविषयी केलेले एक विधान असते. रेडिओ बटणे ठेवणारा प्रोग्रॅमर असे सांगत असतो की, या पर्यायांपैकी एकच खरा असू शकतो. आंधळगावच्या नोंदपत्रात ‘सूत’ या शीर्षकाखाली ‘कोसा’ आणि ‘सुती’ अशी दोन रेडिओ बटणे ठेवली, तर हे विधान तेथेच खोटे ठरते. या परिसराची ओळख असलेल्या करवती साडीचे अंग कोशाचे आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला काठ सुती असतो. तीन धोटे वापरून अंग आणि काठ एकमेकांत गुंतवले जातात. ज्या वस्त्रात दोन सुतांची ही गुंफण हेच कौशल्य आहे, त्याची नोंद करताना विणकराला ‘दोहोंपैकी एक’ असे सांगावे लागते.

याला चेकबॉक्स हा उपाय वाटेल. पण दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवण्याची मुभा त्यात आपोआप येते आणि सूत नसलेले वस्त्र नोंदवले जाऊ शकते. ते रोखण्याची तपासणी प्रोग्रॅमरला स्वतंत्रपणे लिहावी लागते. खरे उत्तर प्रश्नच बदलण्यात आहे. ‘अंगाचे सूत’ आणि ‘काठाचे सूत’ असे रेडिओ बटणांचे दोन गट केले की नोंद वस्तुस्थितीशी जुळते. ‘देणे’ या रकान्याचेही तसेच आहे. ‘रोख’ किंवा ‘उधार’ अशी सक्तीची निवड काही रक्कम हाती आणि काही बाकी अशा व्यवहारात निरुपयोगी ठरते. तेथे दोन रकमांचे रकाने हवेत, बटण नकोच. बाकी राहिलेली रक्कम नोंदवहीत दिसत नसेल, तर तिचा तगादा करण्याचा आधारच विणकर गमावतो. बटणाची निवड अशा रीतीने आर्थिक परिणाम घडवते.

३. साधनसंचांची तुलना

रेडिओ बटणांचा ‘गट’ ही कल्पना प्रत्येक साधनसंचात निराळ्या ठिकाणी वसते आणि त्यातून निरनिराळे दोष उद्भवतात. विंडोजच्या मूळ रचनेत पुश बटण, चेकबॉक्स व रेडिओ बटण हे सर्व ‘बटन’ या एकाच वर्गाचे घटक आहेत आणि शैलीदर्शक खुणेने त्यांचा प्रकार ठरतो. गटाभोवतीची शीर्षकयुक्त चौकटसुद्धा तांत्रिक दृष्ट्या ‘बटन’च असते. ही चौकट डोळ्यांना गट दाखवते. प्रत्यक्ष गट मात्र क्रमाने येणाऱ्या घटकांपैकी पहिल्यावर लावलेल्या स्वतंत्र खुणेने सुरू होतो. ती खूण राहून गेली की, दिसणारे गट दोन आणि चालणारा गट एक अशी विसंगती निर्माण होते. परिणामी काठाचे सूत निवडताच अंगाच्या सुताची निवड नाहीशी होते.

१९९५ पासून प्रसृत झालेल्या क्यूटीमध्ये एकाच पालकघटकातील रेडिओ बटणे आपोआप परस्परवर्जक मानली जातात. दोन प्रश्न एकाच पालकात ठेवल्यास तेथेही हाच दोष उद्भवतो. १९९८ मध्ये जावाबरोबर आलेल्या स्विंगमध्ये परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे पडद्यावरील जवळीक निरर्थक असून ‘बटनग्रुप’ ही स्वतंत्र वस्तू निर्माण करून प्रत्येक बटण तीत घालावे लागते. विद्यार्थी हे विसरतात, तेव्हा सर्व रेडिओ बटणे एकाच वेळी निवडता येतात. शिवाय एकदा निवड झाल्यावर गट पुन्हा रिकामा करण्याची थेट सोय स्विंगमध्ये २००६ च्या जावा ६ आवृत्तीपर्यंत नव्हती. चुकून दाबलेले उत्तर मागे घेऊन ‘अद्याप उत्तर नाही’ या स्थितीत परतणे त्यामुळे अवघड होते.

जीटीकेचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत बटणापासून टॉगल बटण, टॉगलपासून चेकबॉक्स आणि चेकबॉक्सपासून रेडिओ बटण अशी वंशावळ होती. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने ती मोडली. रेडिओ बटणाचा स्वतंत्र वर्ग गेला आणि गटात बांधलेला चेकबॉक्सच रेडिओ बटण ठरू लागला. परस्परवर्जन हा एकट्या बटणाचा गुण नसून बटणांमधील नात्याचा गुण आहे, ही मान्यता या बदलात दडलेली आहे.

टीके या १९९१ च्या साधनसंचाने हे नाते सर्वांत स्वच्छपणे मांडले होते. तेथे रेडिओ बटणे एक सामायिक चल वाटून घेतात; प्रत्येक बटण त्या चलाचे एक संभाव्य मूल्य असते. ‘काठाचे सूत’ हा चल, ‘कोसा’ आणि ‘सुती’ ही त्याची मूल्ये. म्हणजे प्रोग्रॅमरला प्रथम प्रश्न लिहावा लागतो आणि नंतर बटणे. पडद्यावरील शेजार किंवा घटकांचा क्रम यांपेक्षा प्रश्नाला आधार मानणारी ही पद्धत अर्थाच्या सर्वाधिक जवळ जाते. इतर साधनसंच वापरतानाही प्रोग्रॅमरने हीच शिस्त मनात बाळगणे हितावह ठरते.

अवस्थांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. रिकामा चेकबॉक्स ‘नाही’ असे सांगतो की ‘विचारलेच नाही’ असे सांगतो, हे कळण्यास मार्ग नसतो. यासाठी विंडोज, क्यूटी व टीके यांत तिसऱ्या, अनिश्चित अवस्थेची सोय आहे. परंतु ती वापरकर्त्याला समजावी यासाठी सोबत शब्द हवेत. त्याचप्रमाणे पहिले रेडिओ बटण आधीच निवडून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण न दिलेले उत्तर दिलेल्या उत्तराच्या वेषात साठवले जाते.

४. बटणावरील क्रियापद

इंग्रजी बटणावरील ‘सेव्ह’ हे रूप आज्ञार्थही आहे आणि नुसता धातूही. त्यात आदर, वचन वा बोलणारा यांचा उल्लेख नाही. मराठीत अशी तटस्थता सहजासहजी मिळत नाही. ‘जतन कर’, ‘जतन करा’, ‘जतन करावे’, ‘जतन करणे’ आणि नुसते ‘जतन’ यांतून निवड करावीच लागते. जर्मन व फ्रेंच आवृत्त्यांनी बटणासाठी प्रायः धातूचे भाववाचक रूप पत्करले. हिंदीत ‘सहेजें’सारखे आदरार्थी रूप रूढ झाले. मराठीत ‘करा’ हे रूप सर्वमान्य झाले आणि ते बहुतांशी योग्यही आहे.

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. ‘जतन करा’ हे बटण वापरकर्ता यंत्राला उद्देशून दाबतो. ‘प्रतीक्षा करा’ ही सूचना यंत्र वापरकर्त्याला देते. दोन्ही ठिकाणी एकच ‘करा’ येतो. एकाच संवादचौकटीत दोन वक्ते एकाच स्वरात बोलू लागतात आणि नवख्या माणसाला आपण आज्ञा देत आहोत की घेत आहोत, हे उमजत नाही. शालेय व्याकरणात शिकवले जाणारे क्रियापदाचे अर्थ येथे कामी येतात. पुश बटणाला आज्ञार्थ शोभतो, कारण ते कृती घडवते : ‘नोंद जतन करा’. वस्तुस्थिती नोंदवणाऱ्या चेकबॉक्सला स्वार्थ हवा : ‘पोच दिली’. पसंती सांगणाऱ्या चेकबॉक्सला विध्यर्थ जुळतो : ‘पावतीवर गावाचे नाव असावे’. रेडिओ बटणांवर क्रियापदच नको. शीर्षकातील प्रश्नाचे नामरूप उत्तर पुरेसे असते : ‘काठाचे सूत – कोसा, सुती’. यंत्राच्या सूचनांसाठी ‘कृपया थांबावे’ असे विध्यर्थी रूप राखून ठेवले, तर वक्त्यांची सरमिसळ टळते. शासकीय पत्रव्यवहारामुळे हे रूप मराठी वाचकाला अपरिचित नाही.

टॉगल बटणाच्या बाबतीत या भेदाची निकड अधिक तीव्र होते. ‘ध्वनी बंद’ असे लिहिलेले टॉगल बटण ध्वनी बंद असल्याचे सांगते की दाबल्यास बंद होईल असे सांगते? मराठीतील ‘बंद’ हा शब्द दोन्ही वाचनांना वाव देतो. ‘ध्वनी बंद करा’ म्हटल्यास कृती आणि ‘ध्वनी बंद आहे’ म्हटल्यास अवस्था स्पष्ट होते. एका सहायक क्रियापदाने मिटणारा हा संभ्रम जागा वाचवण्याच्या नादात कायम राहतो.

‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ या जोडीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. ‘ही मागणी रद्द करायची आहे का?’ असा प्रश्न आणि खाली ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’ अशी बटणे असतील, तर मागणी रद्द करू इच्छिणारा माणूस स्वाभाविकपणे ‘रद्द करा’ हेच बटण दाबेल आणि मागणी तशीच राहील. येथे अनुवाद शब्दशः अचूक असूनही संवाद फसतो. ‘मागणी रद्द करा’ आणि ‘मागणी राहू द्या’ अशी कृतिवाचक बटणे लिहिल्यास प्रश्न न वाचताही अर्थ लागतो. परंतु हे अनुवादकाच्या हाती नसते. त्याच्यापुढे केवळ सुटे शब्द येतात, प्रश्न येत नाही.

५. लिपी, आकार आणि कळफलक

१९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये अनेक मराठी कार्यालयीन आज्ञावली घडल्या. त्यातील मूळ बटणे युनिकोड मजकूर दाखवू शकत नसत. म्हणून बटणाचा मथळा लॅटिन चिन्हांत साठवून त्यावर देवनागरी आकारांचा फॉन्ट चढवला जाई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मथळ्याच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीलाही तेथे मराठी आढळत नसे, कारण ते बटण केवळ दिसायला मराठी होते. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडचा आधार मिळाला, तशी ही अडचण हळूहळू ओसरली.

आकाराची समस्या मात्र टिकून राहिली. इंग्रजी मथळ्याच्या मापाने ठरवलेल्या निश्चित उंचीच्या बटणात वेलांटी, रफार आणि उकार कापले जातात. ‘दुसऱ्या नावाने जतन करा’ यासारखा मथळा रुंदीतही मावत नाही आणि मग अनुवादक ‘असे जतन करा’ अशा तोकड्या शब्दांकडे वळतो. मजकुराप्रमाणे बटणाचा आकार ठरवणारे मांडणीघटक जीटीके, क्यूटी व स्विंग यांत उपलब्ध आहेत. ते न वापरता निर्देशांक देऊन बटणे रोवणे, हा दोष प्रोग्रॅमरचा आहे. भाषेच्या लांबीचा नाही.

तिसरा प्रश्न अधोरेखित अक्षराचा. इंग्रजी बटणावर एक अक्षर अधोरेखित असते आणि आल्ट कळीसह ते दाबल्यास बटण चालते. ‘जतन’ मधील ‘ज’ अधोरेखित करता येईल. पण ‘क्रमवारी’ मधील ‘क्र’ हे एका कळीचे अक्षर नाही. म्हणून चिनी व जपानी आवृत्त्यांप्रमाणे मराठीतही मथळ्यापुढे कंसात लॅटिन अक्षर देण्याची प्रथा पडली. ती चालते, तथापि मराठी कळफलकावर टंकन करणाऱ्याने मराठी बटणासाठी इंग्रजी वर्ण लक्षात ठेवावा, अशी तडजोड तिच्यात आहे.

एंटर कळीचेही एक स्थानिक वास्तव आहे. टॅलीसारख्या लेखाप्रणालीत एंटर दाबल्यावर पुढील रकाना येतो आणि नोंदणी करणाऱ्यांची बोटे त्याला सरावलेली असतात. क्यूटीच्या संवादचौकटीत मात्र रकान्यात असताना दाबलेली एंटर कळ पुश बटणाला चालना देते, कारण तेथील पुश बटणांचा तो मूळ स्वभाव असतो. अर्धवट नोंद जतन होऊन चौकट मिटते. हा स्वभाव बंद करण्यास एक ओळ पुरते. पण ती लिहिण्यासाठी वापरकर्त्याची सवय ठाऊक असावी लागते.

६. विभक्तीचा अडसर

काही बटणांचे मथळे आज्ञावली स्वतः जुळवते. गावाचे नाव घेऊन त्याला ‘ची नोंद उघडा’ हे शब्द जोडले की इंग्रजी पद्धतीच्या प्रोग्रॅमरचे काम संपते. ‘आंधळगावची नोंद उघडा’, ‘मोहाडीची नोंद उघडा’ येथवर सर्व सुरळीत चालते. ‘भंडारा’ हे नाव येताच ‘भंडाराची नोंद’ असे अशुद्ध रूप उमटते, कारण मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ‘भंडाऱ्याची’ असे म्हणावे लागते. प्रत्येक नावाचे सामान्यरूप साठवणे हा एक मार्ग आहे. ‘नोंद उघडा : भंडारा’ अशी प्रत्ययविरहित रचना करणे हा दुसरा, सोपा आणि निर्दोष मार्ग आहे. कोणताही मार्ग घेतला तरी निर्णय मूळ आज्ञावलीतच व्हावा लागतो. तयार तुकड्यांचा अनुवाद करणाऱ्याला तो घेता येत नाही.

७. एक संभाव्य आक्षेप

‘सेव्ह’, ‘ओके’, ‘कॅन्सल’ हे शब्द आता खेड्यापाड्यांत समजतात, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप संभवतो. त्यात तथ्य आहे आणि ‘सेव्ह करा’ असे लिहिण्यास हरकत असू नये. परंतु वरील दोषांपैकी फारच थोडे शब्दांच्या परकेपणातून उद्भवतात. ‘कॅन्सल’ लिहिल्याने मागणी रद्द करण्याचा घोळ सुटत नाही. देवनागरीत ‘कॉटन’ लिहिल्याने करवती साडी रेडिओ बटणांत बसत नाही. प्रश्न शब्दसंग्रहाचा नसून वाक्यरचनेचा आणि त्या वाक्यामागील व्यवहाराच्या आकलनाचा आहे.

८. निष्कर्ष

१) बटणाचा प्रकार व्यवहाराविषयी विधान करतो. म्हणून प्रकार ठरवण्यापूर्वी तो व्यवहार करणाऱ्यांकडून समजून घेतला पाहिजे.

२) रेडिओ बटणांचा गट हा प्रश्नाशी बांधलेला असावा, पडद्यावरील शेजाराशी नव्हे. न दिलेल्या उत्तराला स्वतंत्र स्थान असावे.

३) पुश बटणाला आज्ञार्थ, नोंदीच्या चेकबॉक्सला स्वार्थ, पसंतीच्या चेकबॉक्सला विध्यर्थ आणि रेडिओ बटणाला नाम ही वाटणी मराठी आज्ञावलींत पाळता येण्याजोगी आहे.

४) मथळ्याचा आकार, विभक्ती आणि एंटर कळीचे वर्तन हे निर्णय अनुवादाच्या टप्प्यावर ढकलता येत नाहीत.

५) महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत बटणाचे प्रकार शिकवताना इंग्रजी पुस्तकातील नमुन्यांऐवजी परिसरातील एखादा व्यवहार घ्यावा. भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने करवती साडीचे नोंदपत्र एकदा तयार केले, तर रेडिओ बटण आणि चेकबॉक्स यांतील भेद त्याला व्याख्या पाठ न करता कळेल आणि त्याने लिहिलेल्या आज्ञावलीत विणकराला आपली वस्तू व आपली बाकी, दोन्ही खरेपणाने नोंदवता येतील.